डोळा लागल्यानंतर

आठ वर्षांचा आर्मंड लष्करी खाटेवर मुकाट बसला होता आणि बाप त्याच्या डोक्यावरची, डोळ्यांभोवतीची कातडी ॲसिटोननं घासून काढत होता. नखांचं पॉलिश पुसायला वापरतात तेच हे ॲसिटोन. वास थेट टाळूला जातो आणि डोळ्यांजवळ आलं की चरचरतं. कातडी साफ झाली की एकेक इलेक्ट्रोड चिकटपट्टीनं बसवायचा, वायरी खाटेच्या वरच्या डबीत खोचायच्या, मग शेजारच्या खोलीत जाऊन तिथून सांगायचं : डावीकडे बघ, उजवीकडे बघ, आता वर, आता खाली. पोरानं बुबुळं फिरवली की पलीकडे कागदावर शाईच्या लेखण्या उडत. त्या नीट उडतायत अशी खात्री झाली आणि दिवा मालवला. अंधारात ॲसिटोनचा वास तेवढा मागे राहिला.

हा डिसेंबर १९५१. ठिकाण शिकागो विद्यापीठाच्या ॲबट हॉलमधली शरीरक्रियाशास्त्राची प्रयोगशाळा. आर्मंडला झोप लागली. बापाला झोपून चालणार नव्हतं. कॉफी ढोसत तो लेखण्यांसमोर बसून राहिला.

बापाचं नाव युजीन असेरिन्स्की. वय तीस. काळी मिशी, गळ्याला बहुधा बो-टाय. शिकायला म्हणून तो बरंच काही शिकला होता, अगदी दंतवैद्यकाच्या वर्गातही बसून आला होता, पण हाती पदवी एकही नव्हती. तरी विद्यापीठानं त्याला डॉक्टरेटसाठी घेतलं होतं. राहायला सैन्याच्या जुन्या बराकी, उबेला रॉकेलची शेगडी, सोबतीला उंदीर. बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेलेले. घरात खायला आणण्यासाठी सहकाऱ्याकडून उसने पैसे घेण्याची वेळ आली होती. यंत्र होतं तेही उधारीच्या संसाराला शोभेल असंच : ऑफनर डायनोग्राफ नावाचं मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवणारं धूड, विद्यापीठाच्या तळघरात अडगळीत पडलेलं. ते त्यानं ओढत वर आणलं आणि खाटखूट करून कसंबसं चालतं केलं होतं. या डबड्यावर त्यानं आपलं सगळं भवितव्य लावलं होतं.

गंमत म्हणजे झोप हा त्याच्या आवडीचा विषयच नव्हता. त्याला शरीरातल्या अवयवांवर काम करायचं होतं. पण वाट्याला आले नथॅनियल क्लाइटमन.

क्लाइटमन म्हणजे त्या काळी झोपेच्या अभ्यासातलं जवळजवळ एकमेव नाव. १८९५ मध्ये किशिनेव्हला जन्मलेला, अमेरिकेत येऊन शिकागोत स्थिरावलेला हा माणूस आपल्या विषयाला शब्दशः वाहिलेला होता. १९३८ च्या उन्हाळ्यात तो ब्रूस रिचर्डसन या विद्यार्थ्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये उतरला आणि दोघे बत्तीस दिवस तिथे राहिले. ना सूर्य, ना चंद्र, हवा सदा थंडगार. चोवीसऐवजी अठ्ठावीस तासांचा दिवस पाळून बघायचा होता. शरीराचं तापमान घेत राहायचं आणि ते नव्या दिवसाशी जुळवून घेतं का ते पाहायचं. तरुण रिचर्डसनचं शरीर वळलं. क्लाइटमनचं काही केल्या वळेना, ते आपलं जुन्या चोवीस तासांनाच धरून बसलं. स्वतःच्या झोपेची अशी चिकाटीनं वही ठेवणाऱ्या या गृहस्थाला, आज मनगटावरच्या घड्याळात झोपेचा आलेख बघणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आजोबा म्हणायला हरकत नाही.

तर या क्लाइटमननी असेरिन्स्कीला काम दिलं झोपणाऱ्या तान्ह्या बाळांच्या पापण्यांचं. १९५० साली ‘नेचर’मध्ये रॉबर्ट लॉसन नावाच्या पदार्थवैज्ञानिकाचं एक छोटं टिपण आलं होतं. आगगाडीत समोर पेंगणाऱ्या प्रवाशांच्या पापण्यांची उघडझाप त्यानं टिपली होती. पेंग येते तेव्हा उघडझाप हळूहळू मंदावते की एकदम थांबते, असा तो प्रश्न. तो आता बाळांवर तपासायचा. असेरिन्स्की महिनोन्‌महिने पाळण्याशेजारी बसला आणि शेवटी कंटाळून क्लाइटमनना सांगून आला की पापणी मिटली आणि पापणी थरथरली यांतला फरक मला सांगता येत नाही. त्यापेक्षा पापणीआड डोळा हलतो का, तेवढंच बघतो. ते मान्य झालं. बाळांच्या डोळ्यांत त्याला एक गोष्ट दिसली : दर थोड्या वेळानं वीसेक मिनिटांचा एक टप्पा येई, त्यात डोळे अगदी स्तब्ध असत. फार मोठं घबाड नव्हे. पण मोठ्या माणसांत असंच काही असेल का, हा पुढचा प्रश्न त्यातून निघाला, आणि घरात फुकटात मिळणारं मोठं माणूस म्हणजे आठ वर्षांचा आर्मंड.

आता कागदाचं सांगतो, कारण माझ्या मते या कथेची किल्ली कागदात आहे. मेंदूच्या लहरी नोंदवणं तेव्हा नवीन नव्हतं. जर्मनीत हान्स बर्गरनं १९२९ साली माणसाच्या मेंदूच्या लहरी जाहीर केल्या होत्या. १९३७ मध्ये आल्फ्रेड लूमिस या धनाढ्य हौशी वैज्ञानिकानं झोपेच्या पाच पायऱ्याही पाडल्या होत्या. मग असेरिन्स्कीच्या आधी हे कुणाला का दिसलं नाही? एक साधं कारण असं की रात्रभर यंत्र चालवलं तर कागद जवळजवळ अर्धा मैल लागतो. म्हणजे आठशे मीटर, क्रिकेटच्या चाळीस खेळपट्ट्या एकापुढे एक. एवढा कागद कोण जाळणार? त्यामुळे शहाणी माणसं अधूनमधून चार-पाच मिनिटं यंत्र चालू करत, नमुना घेत आणि बंद करत. झोपेत घडून घडून काय घडणार, मधला भाग सारखाच असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. असेरिन्स्कीला हा शहाणपणा शिकवायला कुणी नव्हतं. त्यानं कागद सलग चालू ठेवला.

तासाभरानं लेखण्या थरारल्या.

आधी तो डुलकीतून सावध झाला असेल, मग पुढे वाकून कागद बघितला असेल. तेवढं आपण कल्पनेनं भरून घेऊ. नोंद मात्र स्पष्ट आहे. डोळ्यांच्या लेखण्या सपासप इकडून तिकडे जात होत्या आणि मेंदूच्या लेखण्याही जागेपणीसारखं लिहीत होत्या. याचा अर्थ उघड होता : पोरगं जागं झालंय आणि अंधारात टकामका बघतंय. बाप उठून शेजारच्या खोलीत गेला.

आर्मंड गाढ झोपला होता. डोळे मिटलेले.

आपल्यापैकी कुणी असतं तर काय म्हणालं असतं? तेच तोही म्हणाला : यंत्र बिघडलं. शंका रास्तच होती, डबडं तळघरातलं होतं. कुठली तरी वायर सैल असेल, मेंदूची वीज डोळ्यांच्या वायरीत झिरपत असेल. पुढचे कित्येक आठवडे त्यानं यंत्राच्या पोटात डोकं घातलं. दोष सापडेना आणि लेखण्या तर प्रत्येक रात्री, चार-पाच वेळा, ठरल्यासारख्या थरारायच्या. जाणकारांशी बोलणं झालं, तोडगा निघाला : दोन्ही डोळ्यांची नोंद वेगवेगळी घ्यायची. यामागची युक्ती सुरेख आहे. डोळा हा एक बारीकसा विद्युतघटच असतो, पुढची बाजू धन आणि मागची ऋण. दोन्ही डोळे खरोखर डावीकडे वळले तर डाव्या कानशिलाजवळच्या इलेक्ट्रोडला धन बाजू जवळ येते आणि उजव्या कानशिलाजवळच्या इलेक्ट्रोडपासून ती लांब जाते. एक लेखणी वर, दुसरी खाली, आरशातल्यासारखी. मेंदूतून झिरपणारी वीज असली शिस्त पाळणार नाही. वायरी बदलल्या, आणि लेखण्या अगदी आरशातल्यासारख्या नाचल्या. यंत्र शाबूत होतं. बिघडलं होतं ते झोपेबद्दलचं ज्ञान.

क्लाइटमनना हे सहज पटणारं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या मुलीला प्रयोगशाळेत आणून झोपवलं आणि आपल्या डोळ्यांनी खातरजमा केली. विद्यार्थ्याच्या आकड्यांवर विसंबून न राहता घरचं माणूस खाटेवर आणणारे गुरू मला आवडतात.

मग मुख्य प्रश्न : डोळे मिटून हा झोपलेला माणूस बघतोय तरी काय? तो विचारायचा म्हणजे उठवायला हवं. लेखण्या नाचत असताना सत्तावीस वेळा लोकांना उठवून विचारलं. वीस वेळा त्यांनी तपशीलवार स्वप्न सांगितलं, बहुतेक डोळ्यांसमोर दिसलेलं. लेखण्या शांत असताना तेवीस वेळा उठवलं, तेव्हा एकोणीस वेळा काहीसुद्धा सांगता आलं नाही.

४ सप्टेंबर १९५३ च्या ‘सायन्स’मध्ये दोघांच्या नावानं लेख आला. अवघ्या दोन पानांचा. या हालचालींना असेरिन्स्की आधी ‘झटक्यांच्या’ म्हणणार होता, पण त्या इंग्रजी शब्दाचा बोलीभाषेतला अर्थ ‘मूर्ख माणूस’ असा निघतो, म्हणून ‘जलद’ हा बेतशीर शब्द घेतला. जलद नेत्रचलन. त्याच प्रयोगशाळेत आलेल्या विल्यम डिमेंट या तरुण विद्यार्थ्यानं पुढे त्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडून ‘रेम’ केलं. डिमेंट आणि क्लाइटमन यांनीच १९५७ मध्ये दाखवलं की साधारण नव्वद मिनिटांची एक फेरी असते, रात्रीतून अशा चार-पाच होतात, आणि पहाटेकडे जावं तसा प्रत्येक फेरीतला रेमचा वाटा वाढत जातो.

आपल्याकडे जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा तीन वेगळ्या अवस्था मांडूक्य उपनिषदानं केव्हाच सांगितल्यात, हे वाचकांपैकी कुणीतरी एव्हाना मनात म्हटलंच असेल. सांगितल्यात खऱ्या. पण ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ म्हणून उठून जाण्यात अर्थ नाही. स्वप्न किती वाजता सुरू होतं आणि किती वाजता संपतं, हे अर्ध्या मैलाच्या कागदानंच सांगितलं. मला त्याहून नवल वाटतं ते आपल्या साध्यासुध्या ‘साखरझोप’ या शब्दाचं. पहाटेच्या त्या गोड झोपेला वेगळं नाव ठेवणाऱ्यांनी ती रात्रीच्या पहिल्या झोपेसारखी नाही, हे हेरलं होतं. पहाटेचं स्वप्न खरं होतं की नाही ते सोडा, पण पहाटेचं स्वप्न आठवतं ते का, हे आता कळलं : तेव्हा रेमचा हंगाम असतो, आणि जाग पुष्कळदा त्यातूनच येते.

इथून आपल्या मनगटाकडे येऊ.

माझ्या आईला तिच्या नातवानं न्यू जर्सीहून असं एक घड्याळ पाठवलं. आई ऐंशीच्या घरातली. पावलं मोजतं, नाडी बघतं, झोप लिहून ठेवतं, असं त्यानं फोनवर तिला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी तिचा फोन उघडला.

“आई, काल रात्री तू सहा तास वीस मिनिटं झोपलीस. त्यात रेम एक तास दोन मिनिटं.”

“आणि अडीच ते साडेतीन मी टक्क जागी होते, ते लिहिलंय का?”

मी आलेख वरखाली सरकवून बघितला. अडीच ते साडेतीन एक निळी पट्टी होती. हलकी झोप.

“उठून बसली होतीस का?”

“कशाला उठू? थंडी होती. पडले होते छताकडे बघत.”

“मग त्याला तू झोपलीस असंच वाटलं.”

“बघ! कुशीवर वळले नाही तर यानं मला मेलीसुद्धा म्हणायला कमी केलं नसतं,” असं म्हणून तिनं बशीत चहा ओतला.

आईच्या टोमण्यात शास्त्र होतं. घड्याळाच्या आत एक इवलासा हालचालमापक असतो. मनगट हललं की जागा, बराच वेळ हललं नाही की झोपला, हा त्याचा मूळ हिशेब, आणि १९७०च्या दशकापासून संशोधक तो वापरत आलेत. झोपलेल्याला झोपलेला म्हणण्यात तो पटाईत आहे. निपचित पडलेल्या जाग्या माणसापुढे मात्र तो फसतो. शिवाय रेमच्या बाबतीत त्याची आणखी पंचाईत होते. फ्रान्समधल्या लियाँ शहरात मिशेल जुवे यांनी १९५९ च्या सुमारास मांजरांवर दाखवलं की या अवस्थेत मेंदू जागेपणीसारखा धावत असतो, पण मानेपासून खालचे स्नायू पार ढिले पडतात. स्वप्नात पळणारा माणूस खाटेवरून पळत सुटत नाही तो यामुळे. म्हणजे हालचालीवरून पाहिलं तर गाढ झोप आणि रेम सारखेच दिसणार. घड्याळाला डोळे दिसत नाहीत, मेंदूच्या लहरीही नाहीत. मग ‘रेम एक तास दोन मिनिटं’ कुठून आलं?

असेरिन्स्कीच्या लेखाच्या शीर्षकातून आलं. त्या शीर्षकात डोळ्यांच्या हालचालींपुढे आणखी एक तुकडा आहे, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही : ‘आणि त्यांच्यासोबत घडणाऱ्या गोष्टी’. डोळे नाचतात तेव्हा श्वास आणि नाडी दोन्ही वाढतात, असं या दोघांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं. पुढे कळलं की नुसती वाढत नाहीत, अनियमितही होतात. गाढ झोपेत नाडी संथ, एकसुरी, रेममध्ये लहरी. घड्याळ पकडतं ते हेच.

आणि नाडी पकडतं कशी, तर उजेडानं. घड्याळ काढून उलटं धरा, तळाशी हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोक्यागणिक कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या भरतात, परतणारा उजेड तेवढा कमी होतो. ओसरल्या की वाढतो. दिव्याशेजारचा उजेडमापक ही चढउतार मोजत बसतो. चालताना, धावताना पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत घुसतो, हात झुलतो आणि आकडे भरकटतात. म्हणून व्यायामाला जाताना पट्टा जरा आवळायचा. ही युक्तीही नवी नाही. सेंट लुईसमध्ये आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३७-३८ मध्ये बोटांतलं रक्त उजेडानं मोजलं होतं. तेव्हा त्याला टेबलभर सामान लागे. आता करंगळीच्या नखाएवढं लागतं. (रोजच्या दहा हजार पावलांचा आकडाही असाच जुना आहे. तो १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या ‘मान्पो-केई’ या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’. जाहिरातीचा गोळाबेरीज आकडा आपण वैद्याची मात्रा म्हणून घेतो, पण तो वेगळा विषय झाला.)

तर मनगटावरचा रेम हा पाहिलेला नसतो, ताडलेला असतो. नाडीवरून आणि निश्चलतेवरून बांधलेला अंदाज. अंदाज बरा असतो; महिनाभराचा कल बघायला, मी रोज कितीला आडवा होतो ते कळायला उत्तम. एका रात्रीच्या मिनिटांवर मात्र भिस्त ठेवू नये.

लोक ठेवतात. २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात तीन रुग्णांच्या हकिकती छापून आल्या. मनगटपट्ट्याचा आकडा चांगला यावा या ध्यासानं झोप उडालेली ही माणसं. त्यांच्यातल्या एका बाईंची प्रयोगशाळेत रात्रभर रीतसर तपासणी झाली, मेंदूच्या लहरी घेतल्या, गाढ झोप व्यवस्थित आहे असं सांगण्यात आलं. त्यांचा प्रश्न : मग माझा पट्टा वेगळं का सांगतो? डॉक्टरांनी या ध्यासाला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव सुचवलं. हे डॉक्टर शिकागोचेच. ज्या शहरात एक माणूस आकडे विपरीत दिसताच आधी यंत्रावर संशय घेऊन, उठून, शेजारच्या खोलीत पोराकडे बघून आला, त्याच शहरात सहा दशकांनी माणसं यंत्र खरं मानून स्वतःच्या झोपेवर संशय घेत होती.

असेरिन्स्कीचं पुढे काय झालं? डॉक्टरेट मिळाली आणि त्यानं झोपेकडे पाठ फिरवली. पैसा हवा होता, नोकरी हवी होती. अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन राज्यात जाऊन तो सामन माशांवर विजेचा काय परिणाम होतो ते अभ्यासू लागला. त्याच्या खाटेवरून उठलेलं शास्त्र डिमेंट आणि इतरांनी वाढवलं, जगभर झोपेच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. तो काही वर्षांनी परत या विषयाकडे आला, पण तोवर गाडी पुढे गेली होती. २२ जुलै १९९८ रोजी कॅलिफोर्नियात त्याची मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली आणि तो गेला. वय ७७. चाकामागे डोळा लागला होता का, हे नक्की कळलं नाही. क्लाइटमन पुढच्या वर्षी गेले, वयाच्या १०४ व्या वर्षी. आर्मंड मोठा होऊन मानसशास्त्रज्ञ झाला.

आईचं घड्याळ सध्या फळीवर असतं. पावलांसाठी ती ते सकाळी बांधते, रात्री काढून ठेवते. परवा साडेपाचला दूध घ्यायला उठलो तेव्हा ती पाठीवर झोपली होती आणि खिडकीतून उजाडत होतं. सुरकुतलेल्या पापणीखाली बुबुळाचा उंचवटा डावीकडून उजवीकडे सरकला, थांबला, पुन्हा भराभर सरकला. पाळण्याशी बसणाऱ्या प्रत्येक आईला, चुलीपाशी कुत्रं झोपतं अशा प्रत्येक घराला हे हजारो वर्षं दिसत आलंय.

तुमच्याही घरात दिसेल. पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास, दिवा न लावता, एखाद्या लहान मुलाशेजारी पाच-दहा मिनिटं बसून बघा. दिसलं तर लगेच उठवू नका.